सतरा नंबरचा मूतखडा

“कुंदा, हे तीन कुठे गेले?” घारपुरे सरांनी पडद्यावरच्या आकड्यावर पेन्सिल आपटली.

“तेच शोधतेय सर.”

“शोधू नकोस. ‘पाठपुराव्यास अनुपलब्ध’ लिही आणि पुढची स्लाइड लाव.”

मी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर एका रुग्णाचा फोटो होता, कमरेपासून मांडीपर्यंतचा. सरांनी घाईघाईने चष्मा काढून पुसायला घेतला. मूत्ररोगशास्त्राचा विभागप्रमुख असा लाजताना पाहिला, की मला उगाचच त्यांच्याविषयी माया वाटायची.

ही त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी छत्तीस वर्षांची होते आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया करत होते. त्या काळी राज्यभरातल्या असल्या बायका एका रिक्षात मावल्या असत्या, आणि रिक्षावाल्याला आणखी एक सीट घेता आलं असतं. पुरुष रुग्ण आत यायचा, मला बघायचा आणि विचारायचा, “डॉक्टर कुठायत?” मीच डॉक्टर असं कळलं की त्याचा गुडघा दुखायला लागायचा. माझ्याकडे गुडघेदुखीचे जितके रुग्ण आले, तितके हाडांच्या डॉक्टरकडेही गेले नसतील. माझी आई नातेवाइकांना सांगायची, “कुंदा किडनीची डॉक्टर आहे.” किडनी हा सोज्वळ अवयव आहे. मी ज्या अवयवावर संशोधन करत होते, त्याचं नाव आमच्या घरात कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

संशोधन होतं लिंगाच्या कर्करोगावर. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून हे रुग्ण यायचे, आणि लपवून लपवून अगदी उशिरा यायचे. उपाय एकच होता, गाठीच्या मागे दोन बोटं अंतर सोडून अवयव कापून टाकायचा. दोन बोटं म्हणजे फार नव्हे असं वाटेल, पण मुळात लांबी किती असते तेही लक्षात घ्या. कित्येक पुरुष हे ऐकून उठून जात आणि थेट मरायच्या वेळीच परत येत. मी म्हणत होते, गाठ लहान असेल तर तेवढीच काढा, थोडीशी कड सोडा, मांडीची पातळ कातडी आणून त्या जागी लावा. माणूस उभ्याने लघवी करू शकेल, बायकोपाशी जाऊ शकेल.

एक अट मात्र होती. त्याने दोन वर्षं दर दोन महिन्यांनी तपासायला यायचं. हा रोग तिथून जांघेतल्या गाठींमध्ये सरकतो. तिथे वेळेवर सापडला तर काढता येतो, उशीर झाला तर काही करता येत नाही. थोडक्यात, माणूस परत आला तरच माझी पद्धत ही पद्धत होती. नाही आला तर तो त्याच्या जिवावर मी खेळलेला जुगार होता.

तीन वर्षांत मी अशा बावीस शस्त्रक्रिया केल्या. एकोणीस जण नियमित येत होते आणि ठणठणीत होते. तिघे यायचे थांबले होते. क्रमांक सहा, अकरा आणि सतरा.

“एकोणीसपैकी एकोणीस,” घारपुरे सर म्हणाले. “शंभर टक्के! हैदराबादला बक्षीस आपलंच.”

शंभर टक्के या शब्दावर सरांचं विलक्षण प्रेम होतं. निबंधावर पहिलं नावही त्यांचंच होतं. बावीसांपैकी एकाही माणसाला त्यांनी विजारीशिवाय पाहिलेलं नव्हतं.

मला हे बक्षीस नको होतं असं मी म्हणणार नाही. फार हवं होतं. मी त्यासाठी साडीही घेऊन ठेवली होती. त्या संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये ब्रदर आवळ्यांनी विषय काढला नसता, तर मी ती साडी नेसून हैदराबादला जाऊन आले असते.

सॅम्युएल आवळे आमचे जुने पुरुष परिचारक. पन्नाशीचे, जाडजूड, चर्चमध्ये गाणारे. वॉर्डातला प्रत्येक रुग्ण त्यांना नावागावासकट पाठ. गॉजच्या घड्या घालता घालता ते म्हणाले, “मॅडम, बाकी दोघांचं मला माहीत नाही. पण सतरा नंबर न येणारा माणूस नाही.”

सतरा नंबर म्हणजे जत तालुक्यातले मायाप्पा बंडगर. ते मला चांगले आठवत होते, कारण माझ्यासमोर न सांगता नाडी सोडणारे ते एकमेव पुरुष होते. मी तोंड उघडायच्या आत ते तपासणीच्या टेबलावर आडवे झाले होते.

“मामा, तुम्हाला संकोच वाटत नाही?” मी न राहवून विचारलं होतं.

“कसला वो? मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. तीस वर्सं बैल खच्ची केलं. लाजायचं असंल तर बैलानं लाजावं.”

मग त्यांनी माझ्या सुरीबद्दल विचारलं, टाक्याचा दोरा कसला ते विचारलं, आणि ‘बैलाला येवढं कोन करत न्हाई’ असं म्हणून कागदावर सही केली. ऑपरेशननंतर दोनदा येऊन गेले. जखम अशी भरली होती की मी त्यांचाच फोटो पहिल्या स्लाइडवर घेतला होता. त्यानंतर चौदा महिने त्यांचा पत्ता नव्हता.

“मेले असतील,” मी म्हटलं.

“मेले असतील तर तेही बघायला हवं ना मॅडम?” आवळे म्हणाले. “तुम्ही कागदावर ‘अनुपलब्ध’ लिहिणार. ते घरात उपलब्ध असतील.”

बुधवारी सकाळी रुग्णालयाची जीप घेऊन आम्ही निघालो. सरांना मी शाळांमध्ये आरोग्य तपासणीला जातेय असं सांगितलं. जीपमध्ये शाळांना दाखवायचं सामान नेहमी असायचंच, जंतांची बरणी, सांगाड्याचा तक्ता आणि मूतखड्यांची पेटी. त्यामुळे खोटं तसं अर्धंच होतं.

जतच्या पुढे रस्ता कमी आणि बाभळी जास्त. गावाबाहेर माळावर मायाप्पांचं घर होतं, पत्र्याचं, पुढे शेळ्या बांधलेल्या. दारात एक उंच, सडसडीत बाई शेंगा फोडत बसली होती. जीपवरचं रुग्णालयाचं नाव तिने पाहिलं आणि ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“कोन पायजे?”

“मायाप्पा मामा आहेत का? मी डॉक्टर खटावकर.”

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मेलं ते.”

मी तिथेच शेंगांच्या पोत्यावर बसले. सतरा नंबर मेला होता. माझ्या पहिल्या स्लाइडवरचा माणूस मेला होता.

तेवढ्यात आतून कोणीतरी दणदणीत खोकलं.

आवळे नम्रपणे म्हणाले, “अक्का, मयत खोकतंय.”

“शेवंता, येऊ दे त्यास्नी,” आतून आवाज आला. “न्हाईतर ऱ्हाऊ दे. बाई, हितंच थांबून वराडून सांगा काय सांगायचं ते. गावाला समदं ठावं हाय. आता कुनापासनं लपवायचं?”

मला काही कळेना. “गावाला काय ठाऊक आहे?”

शेवंताक्का आत गेली, पत्र्याच्या फटीत खोचलेला कागदांचा गठ्ठा काढून तिने माझ्या पुढ्यात टाकला. नऊ पोस्टकार्डं होती. मी एक उचललं. छापील होतं, रिकाम्या जागा निळ्या शाईने भरलेल्या:

‘रुग्णाचे नाव: मायाप्पा सिद्राम बंडगर. आजार: लिंगाचा कर्करोग. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीस न चुकता यावे. सोबत लघवीचा नमुना आणावा.’

खाली सही होती. ‘डॉ. कुंदा खटावकर’. ऐटीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

रुग्णांनी तपासणीला यायला विसरू नये म्हणून ही कार्डांची व्यवस्था मीच सुरू केली होती. मजकूर मीच लिहिला होता. छापखान्यातल्या माणसाने ‘बाई, एवढं उघड?’ असं विचारलं, तेव्हा मी त्याला आजाराची लाज बाळगू नये यावर पाच मिनिटं भाषण दिलं होतं. अक्षरं मोठी घे, साधी मराठी ठेव, म्हणजे कोणालाही वाचता येईल, असंही सांगितलं होतं.

कोणालाही वाचता आलं होतं.

“पोस्टमन आमच्यापत्तुर येत न्हाई,” शेवंताक्का म्हणाली. “समदी पत्रं मल्लूच्या हाटेलात टाकतोय. तितं ज्याला वाचाय येतं त्यो वाचतो, मोठ्यांदी. दर दोन म्हैन्याला वाचलं.”

मायाप्पा आतून बोलत होते, कोणा तिसऱ्याची हकिकत सांगितल्यासारखे. “पैल्या कार्डाला लोक म्हनले, बैलांची हाय लागली. दुसऱ्या कार्डाला मल्लूनं माजा कप येगळा ठिवला. तिसऱ्याला पोरं माज्या मागनं बैलावानी हंबराय लागली. मग म्या जायाचंच सोडलं. तिकडं बी, हिकडं बी.”

“आन मला हिरीवर इचारलं,” शेवंताक्का म्हणाली, “अक्का, आता तू सवाष्ण का रांडाव?”

माझ्याकडे एकोणीस जणांचे फोटो होते, टक्केवारी होती, एक नवी साडी होती. मी आत गेले. मायाप्पा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, अंगावर घोंगडं.

“मामा, मला तपासू द्या.”

“न्हाई.”

“दोन मिनिटं लागतील.”

“बाई, त्या येळी मी न सांगता नाडी सोडली. आता सांगून बी सोडनार न्हाई. तुमी गावात माजी सोडलीय ती बास हाय.”

ते कुशीवर वळले तेव्हा त्यांचा उजवा हात जांघेशी गेला आणि तिथेच थांबला. मी शेवंताक्काकडे पाहिलं. तिने अंगठा आणि बोट जुळवून आकार दाखवला. “लिंबायेवढं हाय. तीन म्हैनं झालं.”

लिंबाएवढं म्हणजे अजून वेळ होता. फार नव्हता. मी बाजेजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सरळ सांगितलं. गाठ काय आहे, ती आत्ता काढली तर काय होईल, नाही काढली तर काय होईल. कार्डं मी लिहिली, चूक माझी आहे, हेही सांगितलं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

“ऱ्हायलं तर काय, गेलं तर काय,” शेवटी ते म्हणाले. “बाहीर तोंड दावता येत न्हाई त्या मानसानं जगून करायचं काय? तुमाला मी जगावं वाटतंय न्हवं? मग गावात वाचलंय ते गावातच मिटवा. तुमी मिटवा. मिटलं तर आत्ता जीपमदी बसतो. न्हाईतर बैलागत वढत न्या, हातपाय बांदून.”

मी बाहेर आले. आवळे जीपला टेकून शेंगा खात होते.

“गावासमोर जाऊन नीट समजावते,” मी म्हणाले. “हा रोग संसर्गजन्य नाही, शाप नाही—”

“मॅडम,” आवळ्यांनी मला थांबवलं, “तुम्ही गावापुढे त्या अवयवावर भाषण देणार. मग उद्यापासून काय होईल? आत्ता पोरं हंबरतायत. मग म्हातारी माणसंही हंबरतील.”

“मग काय करू? खोटं बोलू?”

“मी चर्चमध्ये गातो मॅडम. मी तसं कसं सांगेन?” त्यांनी जीपचा मागचा दरवाजा उघडला आणि आतल्या पेटीकडे बघत राहिले. “मी फक्त म्हणतो, मूतखडा हा इज्जतदार आजार आहे.”

मी आजवर एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. परीक्षेत कॉपी केली नव्हती. पंधरा मिनिटांनी मी मल्लूच्या हॉटेलासमोर, भर बुधवारच्या बाजारात, बाकड्यावर उभी होते. समोर शंभरएक माणसं, मिरच्यांचे ढीग आणि एक कुतूहलाने बघणारी म्हैस. मायाप्पा माझ्या बाजूला, पटका बांधून, जमिनीकडे बघत. मागे शेवंताक्का.

“मी डॉक्टर खटावकर,” मी ओरडले. “तुमच्याकडे जी कार्डं आली त्यावर माझी सही आहे. त्या कार्डांवर लिहिलेलं चुकीचं आहे!”

भजी तळायचा आवाज तेवढा येत राहिला.

“आमच्या कारकुनाने दोन रुग्णांची कार्डं अदलाबदल केली. बंडगर मामांना तो आजार नव्हता. त्यांना मूतखडा होता!”

“दीड वरीस चूक?” मल्लू हॉटेलवाला झाऱ्या हातात घेऊन पुढे आला. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. “नऊ येळा?”

“सरकारी छापखाना आहे आमचा,” आवळे गंभीरपणे म्हणाले. आमचा छापखाना सरकारी नव्हता, पण हे गावाला तत्काळ पटलं.

“मग ज्याला खरं झालंय त्यो कोन?”

“ते मी सांगणार नाही,” मी म्हणाले. “एकाचं नाव आधीच फुटलं, तेवढी बदनामी पुरे.”

हे निदान शब्दशः खरं होतं. मल्लूचं मात्र समाधान झालं नव्हतं. “मूतखडा व्हता तर कुटाय?”

आवळ्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ती त्यांनी इतक्या हळुवारपणे सोडली की पुढच्या रांगेने मान लांब केली. आत मूत्राशयातून काढलेला खडा होता, करडा, खरबरीत, जवळजवळ कोंबडीच्या अंड्याएवढा. अथणीच्या एका मास्तरांचा. तीन वर्षं तो शाळाशाळांतून फिरत होता, पण इतकं लक्ष त्याच्याकडे आजवर कोणी दिलं नव्हतं.

“हा बघा. यांचाच.”

“आयला!” कोणीतरी म्हणालं.

खडा हातोहात फिरला. एकाने वजन केलं, एकाने वास घेतला, एका म्हाताऱ्याने दगडावर आपटून बघायला मागितला. ‘येवढा भाईर आला कसा’ या प्रश्नावर दोन तट पडले. मला वाटतं, दहा मिनिटांत मायाप्पा बंडगर हे तालुक्यातला सर्वांत मोठा मूतखडा बाळगलेले गृहस्थ झाले. त्यांची मान हळूहळू वर येत होती.

“लई दुखलं असंल न्हवं, मायाप्पा?” कोणीतरी विचारलं.

“दुखतंय की,” मायाप्पा म्हणाले. “बैलाला बी सोसवनार न्हाई.”

लोक हसले, पण त्यांच्याबरोबर हसले. मल्लू आत गेला, चहा घेऊन आला. मी पाहिलं, शेवंताक्कानेही पाहिलं, तो सगळ्यांच्या ट्रेमधला कप होता. मायाप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि अगदी सावकाश प्यायला. बाजारात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. शेवंताक्काने मात्र पदर तोंडात धरला.

“एक तुकडा आत राहिलाय,” मी शेवटचं खोटं बोलून घेतलं. “तो काढायला त्यांना आजच नेतेय.”

जीप सुरू करताना मल्लू माझ्या खिडकीशी आला. भजी तळताना होती तशी ऐट आता नव्हती. इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, “बाई, ज्याचं कार्ड चुकून आलंतं... त्या दुसऱ्या मानसाला काय काय होतंया म्हनं?”

मी त्याला काय काय होतं ते सांगितलं. कातडी मागे सरत नाही, आत फोड येतो, तो भरत नाही, वास येतो. त्याच्या हातातला झाऱ्या खाली गेला.

“परवा येतो,” तो कुजबुजला. “पर बाई, मूतखडाच लिवा.”

तो आला. तेविसावा क्रमांक त्याचा. गाठ लहान होती.

मायाप्पांच्या जांघेतल्या गाठी मी शुक्रवारी काढल्या. नऊपैकी दोन गाठींत रोग होता. पुढे सरकला नव्हता. मूळ जागा मात्र स्वच्छ होती, माझ्या सुरीने तिचं काम नीट केलं होतं. हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही वाटली.

मग आम्ही उरलेल्या दोघांना शोधलं. अकरा नंबर ऊस तोडायला कर्नाटकात जाऊन तिथेच राहिला होता. त्याला आमचं एकही कार्ड मिळालं नव्हतं. तो धडधाकट होता आणि मला बघून जिवाच्या आकांताने लाजला. सहा नंबरच्या घरी त्याच्या भावाने दार उघडलं. सहा नंबर चार महिन्यांपूर्वी गोठ्यात वारला होता. घरच्यांनी लोकांना तो पुण्याला गेल्याचं सांगितलं होतं. भावाने आतून एक कार्ड आणलं, माझ्या हातात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

घारपुरे सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने लगेच आकडेमोड केली.

“बावीसपैकी वीस निरोगी. वाईट नाही. एक पुनरुद्भव, एक मृत्यू. ठीक आहे, देऊ. पण हे कार्डाचं प्रकरण कशाला?”

“सर, त्या माणसाचा जीव माझ्या सुरीने गेला नाही, माझ्या कार्डाने गेला. ते न सांगता पद्धत सांगितली, तर लोक ती वापरतील आणि माणसं मारतील.”

“ही शस्त्रक्रियेची परिषद आहे, पोस्ट खात्याची नाही!” सर उठून उभे राहिले. “सगळा हॉल हसेल तुला. आधीच बाई, त्यात हा विषय, त्यात पोस्टकार्ड. सही कोणाची आहे त्या कार्डावर?”

“माझी.”

“मग निबंधावरही फक्त तुझीच राहू दे. माझं नाव काढ.”

मी काढलं. अशा रीतीने माझ्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधाची मी एकटी मालकीण झाले.

हैदराबादला हॉल खरोखर हसला. कार्डाचा फोटो पडद्यावर आला, मी मजकुराचं इंग्रजीत भाषांतर करून वाचलं, तेव्हा मागच्या रांगांतून मोठ्याने हसू आलं. मी थांबले. हसू संपू दिलं. मग सहा नंबर गोठ्यात वारला ते सांगितलं. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. अध्यक्षांनी प्रश्न विचारा म्हटलं, तर एकाने कडेला नेमके किती मिलिमीटर सोडता एवढंच विचारलं. बक्षीस लेसरवर निबंध वाचणाऱ्याला मिळालं. साडी तेवढी चांगली दिसली, असं दोघांनी सांगितलं.

जेवणाच्या रांगेत एक टक्कल पडलेले वयस्क सर्जन ताट घेऊन माझ्या शेजारी आले. ओरिसातल्या कुठल्याशा जिल्ह्याच्या गावचे होते. वाढप्याने दोनदा विचारलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“आम्हीपण कार्डंच पाठवतो,” ते इंग्रजीत म्हणाले.

“किती जण येत नाहीत तुमचे?”

“चाळीस टक्के. मी म्हणत होतो, अडाणी लोक आहेत.” त्यांनी ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि फोन कुठे आहे ते विचारत निघून गेले.

त्यानंतरची माझी वीस वर्षं लोक ज्याला संशोधन म्हणतात त्यात गेली. कडेचं अंतर, कातडीचं कलम, जांघेच्या गाठी, यांवर मी पुष्कळ लिहिलं. घारपुरे सर सात महिने माझ्याशी बोलले नाहीत. नंतर त्यांनाच प्रोस्टेटचा त्रास झाला, आणि ते तपासायला मुंबईला गेले. मी वाईट वाटून घेतलं नाही. मी बाहेर दिसले असते तर त्यांचाही गुडघाच दुखला असता.

मायाप्पा पाच वर्षं येत राहिले, एकही तारीख न चुकवता. कार्ड जात नव्हतं. आवळे बंद पाकिटात ‘मूतखड्याची तपासणी’ एवढंच लिहून पाठवत. अथणीच्या मास्तरांचा खडा मात्र आम्हाला परत मिळाला नाही. तो मायाप्पांनी घरात देवाजवळच्या फळीवर ठेवला होता आणि पाहुण्यांना दाखवत असत.

पाचव्या वर्षाची शेवटची तपासणी झाली. दोन्ही जांघा मऊ, कुठे काही नाही. मी हातमोजे काढले.

“मामा, आता यायला नको. सुटलात.”

त्यांनी नाडी बांधली. थोडे खट्टू झाल्यासारखे उभे राहिले. “म्हंजे ह्ये संपलं?”

“संपलं.”

“मग आता तरी चा पाजा. पाच वर्सं नुसतं आडवं व्हा म्हनताय.”

मी त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले. शेवंताक्का बाहेर आवळ्यांशी बोलत बसली होती. आम्ही समोरासमोर बसलो, खिडकीशी. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घालायला मान वर केली, आणि उन्हात मला त्यांच्या हनुवटीवरची खूण दिसली. खोल, आडवी, बोटभर लांब. हाड दुभंगलं असणार अशी.

“हे काय झालंय मामा?” मी दचकून विचारलं. “हे कधी लागलं?”

“ह्ये?” त्यांनी बशी खाली ठेवली. “एका खिल्लारानं लाथ मारलीती. लगीन व्हायच्या आदी.”

“पण मी कधी पाहिलं नाही!”

मायाप्पा मोठ्याने हसले, अख्ख्या कँटीनने वळून पाहावं इतक्या मोठ्याने.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी वर कवा बगितलंच न्हाई.”